तान्ह्या बाळासाठी झोळी कशी निवडावी?



उसाचे बेणे घ्यावयाचे झाले म्हणजे आपण स्वतः मळ्यात जाऊन पाहतो. बेणे नऊ-दहा महिन्यांचे आहे का, डोळा ताजा आणि फुगीर आहे का, कांडी चिरल्यावर आत लाली दिसते का, हे पाहिल्याशिवाय कोणी गाडी भरत नाही. परंतु घरात तान्हे मूल आले आणि त्याला अंगाशी बांधून नेण्याचे कापड घ्यावयाचे झाले, की हाताला लागेल ते धडपे उचलले जाते. नाहीतर पुण्याच्या दुकानातून, ज्याच्या खोक्यावर गुटगुटीत मूल हसते आहे ते आणले जाते. दोन्ही वेळा पाहावयाचे ते राहूनच जाते. म्हणून या अंकाचा आरोग्य-पाठ आम्ही या विषयावर घेतला आहे. घरातील बायामाणसांना तो वाचून दाखवावा, आणि पुरुषमाणसांनीही कान द्यावा. बाळ पुरुषानेही बांधता येते, आणि त्यात काही कमीपणा नाही.

१. गरज कोणाला?

आपल्या मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणी. तेथे ऊस नाही. भात, नाचणी, वरई ही तिकडची पिके. पण आपल्यातील पुष्कळांच्या लेकी-सुना, सोयरे-धायरे त्या बाजूचे आहेत. त्या भागात वाड्या-वस्त्या डांबरी सडकेपासून आत आहेत. बाळाला डोस द्यावयाचा, वजन करावयाचे, माहेरी जावयाचे किंवा विंझाई देवीच्या पाया घालावयाचे, तर सडकेपर्यंत पायीच यावे लागते. वाट चढउताराची आणि निसरडी. एका हातात छत्री किंवा काठी, दुसऱ्या हातात पिशवी, मग बाळ कोणत्या हातात? आणि तिकडचा पाऊस म्हणजे काय, ते सांगावयास नको. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. अनेक दुष्काळी तालुक्यांत एवढा पाऊस साऱ्या वर्षात पडतो.

दुसरी गरज आपल्या उसाच्या फडावरची. गळीत हंगामात बीड, जालना, परभणीकडून टोळ्या येतात. त्यांच्यात अंगावर पिणारी मुले असलेल्या बायाही असतात. काहींची बाळंतपणे तर हंगामातच होतात. त्यांच्या बाळाचे काय, हा प्रश्न ज्याच्या शेतात कोयता चालतो त्याचाही आहे. त्याविषयी पाठाच्या शेवटी लिहिले आहे.

२. दोन झोळ्यांतील फरक

आपण 'झोळी' हा एकच शब्द दोन वस्तूंना लावतो. पहिली टांगती झोळी. लुगड्याची दोन टोके आढ्याला, झाडाच्या फांदीला किंवा तिकटीला बांधून तिच्यात मूल निजवतात. दुसरी अंगावरची झोळी. कापड आईच्या खांद्यावरून, पाठीवरून घेऊन मूल तिच्या अंगाशी बांधतात. आजचा पाठ या दुसरीविषयी आहे.

पोर अंगाशी बांधणे ही काही परदेशाहून आलेली टूम नव्हे. वडार, लमाण, कातकरी, धनगर या साऱ्या कष्टकरी समाजांतील बाया पिढ्यान् पिढ्या पोरे बांधून काम करीत आल्या. उलट बाहेरच्यांनीच ही रीत गरीब मुलखांतल्या आयांकडून उचलली. आफ्रिकेतील टोगो देशात आया पाठीशी पोरे बांधतात, हे पाहून अमेरिकेच्या अॅन मूर या परिचारिकेने १९६० च्या दशकात पट्ट्यांची बाळपिशवी तयार केली. १९७२ मध्ये जर्मनीत एरिका हॉफमन या जुळ्यांच्या आईने मेक्सिकोतील कापडावरून धंदा सुरू केला. आज दुकानात हजारो रुपयांना मिळते त्याचे मूळ असे साध्या कापडात आहे. तेव्हा आपल्या आजीचे लुगडे हे मागासलेपण आणि दुकानातले ते सुधारलेले, असा समज कोणी करून घेऊ नये. मात्र जुने आहे म्हणून सगळेच बरोबर, असेही धरू नये.

झाशीच्या राणीच्या पुतळ्यात घोड्यावरच्या राणीच्या पाठीशी मूल बांधलेले आपण पाहतो. पण दामोदरराव १८५८ साली आठ-नऊ वर्षांचे होते. तान्ह्या बाळाला पाठीशी बांधावयाचे नसते. तान्हे बाळ पुढे, छातीशी आणि उभेच बांधावयाचे. मान पक्की धरू लागले, आधाराने नीट बसू लागले, की मग पाठीचा विचार करावा.

३. धोका कोठे आहे?

तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड, आणि मान कच्ची. श्वासाची नळी बारीक आणि मऊ. हनुवटी छातीवर टेकली की ती नळी दबते. पाण्याचा रबरी पाइप मुडपला म्हणजे पाणी थांबते, तसाच हा प्रकार. मोठे माणूस मान वर करील, तान्ह्याला ते जमत नाही. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. त्यामुळे नाक कापडात किंवा आईच्या अंगात रुतले, तरी तोच परिणाम होतो.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. गुदमरणारे तान्हे मूल रडत नाही. रडावयास श्वास लागतो, तोच नसतो. आईला वाटते, लेकरू गपगार निजले. असा घात एक-दोन मिनिटांतही होऊ शकतो.

हे भीती घालण्यासाठी लिहिलेले नाही. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाने अंगावरच्या झोळ्यांबद्दल जाहीर इशारा दिला. मागील २० वर्षांतील किमान १४ बालमृत्यू या झोळ्यांशी निगडित असल्याचे त्यात सांगितले होते, आणि त्यांतील १२ बाळे चार महिन्यांच्या आतली होती. त्याच महिन्यात पिशवीसारख्या खोल झोळ्या लाखांच्या संख्येने बाजारातून परत मागवल्या गेल्या. ह्या झोळ्या काही फाटक्या-तुटक्या नव्हत्या. दिसावयास सुबक, मऊ आणि कडेने लवचिक पट्टी असलेल्या होत्या. दोष आकारात होता. बाळ आत गोणीतल्या बटाट्यासारखे तळाशी जाई, कमरेत दुमडे आणि हनुवटी छातीला टेके.

यावरून धडा घ्यावयाचा तो असा की, झोळी मऊ किती, महाग किती, रंग कसा हे सारे नंतर. आधी बाळाचे नाक आणि हनुवटी पाहावी.

४. पाच कसोट्या

कोणतीही झोळी घ्या, घरची वा दुकानची. बाळ बांधल्यावर पुढील पाच गोष्टी जमल्या तर ती झोळी चालेल. एक जरी जमली नाही तरी बाळ सोडून पुन्हा बांधावे.

(अ) घट्ट आहे का? बाळ आईच्या अंगाला असे लागलेले हवे, जसे तिने दोन्ही हातांनी कवटाळले आहे. बाळाच्या पाठीवर तळहात हलकेच दाबून पाहा. ते आत सरकले किंवा सरळ झाले, तर कापड ढिले आहे. ढिल्या कापडात बाळ हळूहळू खाली घसरते. आईने वाकून पाहावे, पण एक हात बाळाच्या पाठीशी ठेवूनच.

(आ) तोंड दिसते का? मान खाली घातली की बाळाचे नाक, तोंड, ओठांचा रंग आईला सहज दिसला पाहिजे. त्यासाठी पदर किंवा कापड बाजूला करावे लागत असेल तर ती बांधणी बाद.

(इ) टाळूचा मुका घेता येतो का? आईने मान जराशी झुकवली की बाळाच्या डोक्याला ओठ लागावेत. लागत नसतील तर बाळ फार खाली आहे.

(ई) हनुवटीखाली दोन बोटे जातात का? आपली दोन बोटे आडवी धरून बाळाच्या हनुवटीखाली घालून पाहा. तेवढी जागा हवीच. ही कसोटी पाचांत मुख्य आहे.

(उ) पाठ आणि मांड्यांना आधार आहे का? कापड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागेपर्यंत पसरलेले असावे, आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर असावेत. बेडूक बसतो तसे पाय दिसले म्हणजे ठीक. पाय सरळ लोंबते नकोत, की काठीसारखे एकत्र बांधलेलेही नकोत.

या शेवटच्या कसोटीचे कारण खुब्याचा सांधा. तान्ह्याच्या खुब्याची वाटी अजून तयार होत असते. पाय सरळ ताणून करकचून बांधले तर सांधा निखळण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे दुपट्यात पाय ओढून गुंडाळण्याची सवय आहे, जपानातही होती. तेथे १९७५ च्या सुमारास याविरुद्ध देशभर मोहीम काढली, आणि लहान मुलांचे खुबे निखळण्याचे प्रमाण पुष्कळ खाली आले. दुपटे जरूर वापरा, पण पाय आत मोकळे हलू द्या.

५. कोणत्या प्रकारची घ्यावी?

बाजारात आणि घरात मिळून चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार साधे लांब कापड. दोन्ही खांद्यांवर ओझे वाटले जाते, बाळ उभे राहते, आणि बाळ मोठे होईल तशी बांधणी सैल-घट्ट करता येते. शिकावयास दोन-चार दिवस लागतात. एकदा हात बसला की वेणी घालण्यासारखे आपोआप जमते.

दुसरा प्रकार एका खांद्यावरचे कडीचे कापड. एका टोकाला दोन कड्या शिवलेल्या असतात, त्यांतून दुसरे टोक ओवून ओढावयाचे. घालावयास आणि काढावयास फार लवकर होते, घरातल्या घरात किंवा अंगावर पाजण्यासाठी सोयीचे आहे. पण सारे वजन एका खांद्यावर येते, म्हणून लांबच्या वाटेला त्रासदायक. कडी अखंड ओतलेली, सांधा नसलेली आणि त्याच कामासाठी केलेली पाहिजे. पडद्याच्या किंवा दाव्याच्या कड्या लावून घरी प्रयोग करू नयेत. यातही बाळ उभेच ठेवावे, आडवे निजवू नये.

तिसरा प्रकार पट्टे-बकलांची तयार पिशवी. मोठ्या बाळाला छान, आणि बापाला-आजोबांना घालावयास सोपी. परंतु तान्ह्यासाठी घेताना चिठ्ठी वाचावी. अशा बहुतेक पिशव्यांवर कमीत कमी वजन दिलेले असते, ते बऱ्याचदा सव्वातीन-साडेतीन किलोच्या घरात असते. आपल्या देशात जन्मणाऱ्या बाळाचे सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आसपास आहे. म्हणजे आपली पुष्कळशी बाळे जन्मतःच त्या पिशवीला लहान पडतात. बाळ आत बुडते, पाय फार फाकतात, डोके कडेच्या खाली जाते. काही पिशव्यांबरोबर तान्ह्यासाठी आतली गादी मिळते. तशी नसेल तर बाळ त्या वजनाचे होईपर्यंत पिशवी ट्रंकेत ठेवावी. घरची चादर आत खुपसून जागा भरू नये. ती सरकून नाकावर येते.

चौथा प्रकार खोल पिशवीसारखी, बाळ आडवे निजवण्याची झोळी. ही तान्ह्यासाठी घेऊच नये. आपल्याकडे पदराची किंवा ओढणीची खोळ करून गळ्यात अडकवतात आणि बाळ आडवे घालतात, तीही याच प्रकारात मोडते. दुकानातली टाळली आणि घरात तीच केली, तर उपयोग काय?

मग सोपी कोणती म्हणावी? ज्या आईला नेहमी वापरावयाची आहे तिला, एका हाताने बाळ धरून, दुसऱ्याच्या मदतीशिवाय, पाच कसोट्या साधून बांधता येते ती सोपी. दुकानदाराने दाखवताना सोपी वाटली म्हणजे सोपी नव्हे. बटणे, पट्टे, कळा जितक्या जास्त, तितक्या चुकण्याच्या जागा जास्त. आमच्या मते पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी साधे लांब सुती कापड हेच आपल्या घरांना उत्तम. मात्र ते उभ्या बांधणीने बांधलेले असावे.

६. कापड कसे पाहावे?

सहावारी सुती पातळ साधारण पाच-साडेपाच मीटर भरते. मध्यम बांध्याच्या बाईला तेवढे पुरते. नऊवारी लुगडे आठ मीटरच्या आसपास असते. त्याचे पाच मीटर कापून घ्यावे, उरलेल्याची दुपटी होतील. पन्हा मोठा असेल तर लांबीत दुहेरी घडी घालावी.

कापड सुतीच असावे. नायलॉन, टेरिलीन, गुळगुळीत रेशमी कापड गाठीतून सरकते आणि घामही टिपत नाही. जरीचा काठ बाळाच्या गालाला कापतो. अगदी कोरे कापड ताठ असते, तीन-चार वेळा धुऊन मऊ करावे. जुने चालेल, पण विरलेले नको. उजेडासमोर धरून पाहावे. जाळी दिसली, दशा सुटल्या किंवा दोन्ही हातांनी ओढल्यावर 'चर्र' वाजले, तर त्याचे पुसणे करावे.

पावसाळ्यात एक झोळी पुरत नाही. ताम्हिणीसारख्या ठिकाणी जाड कापड दोन-दोन दिवस वाळत नाही. ओली झोळी बाळाच्या अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून पातळ विणीची दोन कापडे ठेवावीत, एक अंगावर, एक वळणीवर.

७. बांधण्याची रीत

आधी बाळ घेऊन शिकू नये. तीन किलो आंबेमोहराची पुरचुंडी बांधावी, तिला बाळ समजावे, आणि दहा-वीस वेळा सराव करावा. नंतर बाळ घेऊन पहिल्या चार-पाच वेळा खाटेवर किंवा अंथरलेल्या घोंगडीवर बसून बांधावे. सासूबाई, आई किंवा नवरा शेजारी असावा.

१) कापडाचा मध्य आपल्या छातीवर धरावा. दोन्ही टोके काखेखालून पाठीमागे न्यावीत.

२) पाठीवर फुली करून टोके विरुद्ध खांद्यांवरून पुढे आणून सोडावीत. खांद्यावर कापड पसरलेले असू द्यावे, दोरीसारखे पिळू नये.

३) बाळ खांद्याशी उभे धरावे. छातीवरच्या आडव्या पट्ट्यात, पट्टा आणि आपले अंग यांच्यामध्ये, त्याला वरून हळूच उतरवावे. पाय खालून बाहेर, बेडकासारखे. या सर्व वेळात एक हात बाळावरच.

४) पट्टा बाळाच्या गुडघ्यामागून मानेपर्यंत पसरावा. मानेला आधार मिळावा, पण डोके झाकू नये.

५) आता ढिलाई काढावी. एका वेळी एक टोक, थोडे थोडे, नाडा ओढल्यासारखे ओढावे. एकदम हिसका देऊ नये.

६) दोन्ही टोके बाळाच्या ढुंगणाखाली फुली करून, त्याच्या पायांखालून पाठीमागे नेऊन दुहेरी गाठ मारावी. गाठ आपल्या हाताला लागेल अशी असावी.

७) पाचही कसोट्या पाहाव्यात. हात सुटा करावयाचा तो त्यानंतरच.

बाळाला आत जाड कपडे नकोत. आईच्या अंगाची ऊब आणि कापड मिळून पुष्कळ होते. डोक्याला थंडीत टोपडे, पायांत मोजे. मानेच्या मागे हात लावून पाहावे, घाम असेल तर एक कपडा कमी करावा. दर दीड-दोन तासांनी सोडून बाळाला मोकळे करावे. झोळीत पाजले, तर पाजून होताच बाळ पुन्हा उभे, नाक मोकळे करून घ्यावे.

८. कोठे बांधू नये?

चुलीपाशी, भाकरी थापताना, गुऱ्हाळाच्या काहिलीजवळ बाळ बांधून जाऊ नये. चहाचा कप सुद्धा बाळाच्या डोक्यावरून नेऊ नये.

मोटारसायकलवर नको. झोळी ही अपघातातला आधार नव्हे. चार वर्षांखालील मुलांसाठी दुचाकीवर खास सुरक्षा-पट्टा हवा, असा नियम केंद्र सरकारने २०२२ मध्ये केला. झोळी म्हणजे तो पट्टा नव्हे. तान्ह्यासाठी एसटी, जीप, रुग्णवाहिका बरी. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून तर मुळीच जाऊ नये.

पावसात पुष्कळ जणी घोंगडीची किंवा प्लास्टिकच्या कागदाची खोळ बाळावरून ओढून घेतात. पाऊस लागत नाही, पण हवाही लागत नाही. खोळ आपल्या डोक्यावर आणि पाठीवर असावी, पुढून उघडी. बाळावर छत्री धरावी. जोराची सर आली तर आडोसा पाहावा.

बाळ बांधून निजू नये. दमलेल्या बाळंतिणीचा डोळा लागतो. झोप येऊ लागली की बाळ सोडून पाठीवर, सपाट अंथरुणावर, उशीशिवाय ठेवावे. ताप आलेल्या, चक्कर येणाऱ्या किंवा दारू प्यालेल्या माणसाने बाळ बांधू नये.

९. कमी वजनाचे बाळ

अडीच किलोच्या आतले बाळ म्हणजे कमी वजनाचे. त्याच्यासाठी झोळी ही सोय नव्हे, उपचारच आहे. पण तो डॉक्टरांना विचारून करावयाचा. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एडगार रे यांच्या रुग्णालयात ऊबपेट्या अपुऱ्या पडत होत्या. त्यांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, कापडाने बांधण्यास सुरुवात केली. कांगारू पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवते, त्यावरून या रीतीला 'कांगारू' हे नाव पडले.

पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत एक किलो ते १.८ किलोच्या आतील बाळांवर मोठी पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच छातीशी ठेवलेल्या बाळांत २८ दिवसांतील मृत्यू १२ टक्के, तर आधी प्रकृती स्थिर होण्याची वाट पाहून नंतर ठेवलेल्यांत १५.७ टक्के होते. म्हणजे सुमारे चौथा हिस्सा मृत्यू कमी. जागतिक आरोग्य संघटना आज अशा बाळांना दिवसातून ८ ते २४ तास, जितका वेळ जमेल तितका, छातीशी ठेवावयास सांगते. आई दमली तर बापाने, आजीने, आत्याने ठेवले तरी चालते. बांधण्याच्या पाच कसोट्या येथेही त्याच, फक्त जास्त काटेकोरपणे पाळावयाच्या.

आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्यांच्यासमोर बाळ बांधून दाखवावे आणि चूक असेल तर विचारून घ्यावी.

बाळ पीत नसेल, मलूल असेल, हातपाय व पोट गार लागत असेल, अंग तापले असेल, ओठ निळसर असतील, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेत असेल किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर अंगारा-धुपारा करीत बसू नये. १०२ किंवा १०८ ला फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत बाळ छातीशी उबेत ठेवावे.

१०. फडावरील बाळ

कोणी म्हणेल, चांगली झोळी असली म्हणजे ऊसतोडणीची बाई बाळ बांधून तोडणी करील. नाही. येथे आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या हातात कोयता, त्या अंगावर बाळ नको. उसाची पाने करवतीसारखी कापतात, वाकून तोडताना बाळ पुढे लोंबते, धसकट लागते, मोळी डोक्यावर घेताना तोल जातो. झोळी ही कोपीपासून फडापर्यंत, फडापासून दवाखान्यापर्यंत नेण्यासाठी आणि पाजण्या-निजवण्यासाठी.

मग बाळ ठेवावे कोठे? उसाच्या कडेला, सरीत, पाचटावर निजवलेल्या बाळाला साप-विंचवाचे भय आहे, आणि आता बिबट्याचेही. गाडीखाली टांगलेल्या झोळीला बैलाचे आणि चाकाचे भय. एकट्या बाळाला तेथे राखण कोणाची?

हे काम सभासदाच्या हातातले आहे आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. तोडणी आपल्या शेतात आली की मुकादमाला पहिल्याच दिवशी विचारावे, टोळीत अंगावर पिणारी मुले किती? वस्तीवरची पडवी किंवा गोठ्याची स्वच्छ बाजू त्या मुलांसाठी मोकळी करून द्यावी. टोळीतली एखादी म्हातारी किंवा आपल्या घरातली आजी तेथे बसवावी. पोटच्या भावंडावर, सात-आठ वर्षांच्या पोरीवर, तान्हे सोपवू नये. तिने शाळेत जावे. बाईला मधून मधून पाजावयास जाऊ द्यावे, त्यावरून कोणी बोलू नये. पाचट पेटवण्यापूर्वी मुले वाऱ्याच्या दिशेबाहेर नेली आहेत, हे स्वतः पाहावे. आणि गावच्या आशाताईंना टोळी आल्याचे कळवावे. बाळ परजिल्ह्यातले असले तरी डोस त्याला येथेही मिळतो.

घरात धुऊन ठेवलेले एखादे धड सुती पातळ असेल तर ते अशा मायलेकरांना द्यावे. देताना नुसते देऊ नये, पाच कसोट्याही सांगाव्यात.

उजळणी

वाचून झाल्यावर घरात हे प्रश्न एकमेकांना विचारावेत. उत्तरे याच पाठात आहेत.

१) तान्हे बाळ पाठीशी का बांधू नये?

२) गुदमरणारे बाळ रडत का नाही?

३) पाच कसोट्या कोणत्या? त्यांतली मुख्य कोणती?

४) बकलांची पिशवी घेताना चिठ्ठीवर काय वाचावे?

५) पावसात बाळावरून खोळ का ओढू नये?

६) आपल्या शेतात तोडणी आल्यावर मुकादमाला पहिला प्रश्न कोणता विचारावा?

सहाव्या प्रश्नाचे उत्तर तोंडी देऊन भागावयाचे नाही. ते या हंगामात आपापल्या शेतात द्यावयाचे आहे.